बांधावरची लांडोर

२२ जुलै, मंगळवार
सकाळी कपाशी खुरपताना बांधावरच्या बोराटीतून लांडोर निघाली. मागं चार पिल्लं, लावरी पाखराएवढी. मला वाटलं पळंल. न्हाई पळाली. मान ताणून, तुरा उभा करून माझ्यासमोरच उभी राहिली. हातात खुरपं होतं माझ्या. मीच मागं सरले. त्या बाजूच्या दोन ओळी तशाच ठेवल्या.

२४ जुलै, गुरुवार
धाकटे दीर आल्ते. बांधापलीकडचं शेत त्यांचं.
"वहिनी, पुढच्या शुक्रवारी जेसीबी सांगितलाय. बांध साफ करून टाकतो. सगळी जनावरं तिथंच लपून राह्यलीत."
म्हटलं, लांडोर पिल्लं घेऊन बसलीय, थोडं थांबा.
"मंग तिचं नाव चढवता का सातबाऱ्यावर?"
"माझं हाय की. अर्धा बांध माझा."
हसले. हे गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून असंच हसतात. विचारायला येत न्हाईत, सांगायला येतात.

२७ जुलै, रविवार
लेकीचा फोन. "आई, एका पाखरासाठी घरच्यांशी वाकडं घेतेस?" तिला काय सांगू. पाखरासाठी हाय. आणि नुसतं पाखरासाठी न्हाईच.

१ ऑगस्ट, शुक्रवार
दहाला जेसीबी आला. पोतं अंथरलं आणि बोराटीसमोर बसले.
दीर म्हणाले, "उठा वहिनी, लोक बघून राह्यले."
"बघू द्या."
लुगड्याचा काठ पायाखाली दाबून घेतला.
ड्रायव्हर वयस्कर माणूस. मशीन बंद करून खाली उतरला. "मावशी, खरंच पिल्लं हाईत?" म्हटलं, वाकून बघा. तो वाकला तशी लांडोर पिल्लं घेऊन पलीकडून निघाली, थेट दिरांच्या सोयाबीनमधी. सगळ्यांनी बघितली.
ड्रायव्हर म्हणाला, "मी न्हाई चालवत. मोराची केस लई वाईट." गेला.
दीर जाता जाता बोलले, "आजपासून माझ्या शेतातून जाऊ नका."
माझ्या शेताला दुसरा गाडीरस्ता न्हाई. त्यांना ठाऊक हाय.

५ ऑगस्ट, मंगळवार
रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्यात. खताची गोणी अर्धी अर्धी करून नाल्याच्या अंगानं डोक्यावर नेली. दोन खेपा. गुडघा सुजला.
दुसऱ्या खेपेला नाल्यात जाऊ भेटली, कमल, दिरांची बायको. चढावर माझं ओझं उतरून घेतलं, वर नेलं, परत डोक्यावर ठेवलं. मंग म्हणाली, "घरी कळू देऊ नका."

७ ऑगस्ट, गुरुवार
तहसीलला जाऊन आले. रस्त्यासाठी अर्ज दिला. बाबू म्हणाला, आपसात मिटवा. म्हटलं, आधी पोच द्या. दिली.

१० ऑगस्ट, रविवार
तीनच पिल्लं. दोनदा मोजली. मुंगसानं नेलं असंल, न्हाईतर कुत्र्यानं. दिवसभर कशात मन लागलं न्हाई. लांडोर मात्र तिघांना घेऊन चारा वेचत फिरत होती. तिला तरी थांबून कसं जमंल.

१६ ऑगस्ट, शनिवार
दिरांचा निरोप, पोळा झाला की दुसरा जेसीबी येणार. ड्रायव्हर पण दुसरा.
दळण आणायला गेल्ते तर गिरणीवर बायका विचारत होत्या, पिल्लं झाडावर बसाय लागली की मंग काय कारण सांगशील?
विचार केला न्हवता. तिथंच म्हणून गेले, "तवाबी बांधावर बसंन."
घरी येईस्तोवर वाटत होतं, जास्त बोलले का. चूल पेटवली, भाकरी थापल्या. बोलले ते बराबर बोलले. कमलनं मागच्या दारानं शेपूची जुडी ठेवलीय. कुणाच्या बाजूनं हाय ती, मला ठाऊक न्हाई. तिलाही अजून ठाऊक नसंल.