काचेतला ठेकेदार

प्रिय दादा,

आज तो आला होता. तोच, लाकडाचा ठेकेदार! तू जाऊन तीन वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा तो आपल्या फोटो स्टुडिओच्या पायरीशी चप्पल काढून उभा राहिला. हे तुला नाही सांगायचं तर कोणाला?

सारं पांढरकवडा तुला येडा म्हणायचं. लग्नाचे फोटो टाकून तू सायकलवर पैनगंगेच्या डोहाकडे पळायचास, मगरींचे फोटो काढायला. एकदा मलाही नेलंस. वाळूवर एक मगर जबडा उघडा टाकून पसरली होती. मी म्हटलं, "दादा, जवळून काढ ना." तू माझं मनगट घट्ट धरलंस.

"शांते, चाळीस पावलं. त्याच्या आत जायचं नाही. अन् तिच्या अन् पाण्याच्या मधात तर कधीच उभं राह्यचं नाही. वाट मोकळी असली का ती कोणाचं काही घेत नाही."

तू हे कधीच मोडलं नाहीस. मोडलं त्याने.

त्या ठेकेदाराला मगरीचं कातडं हवं होतं. जागा दाखव म्हणून तो मागे लागला, तू नाही म्हणालास. मग त्याने तुझ्या सायकलमागे माणूस धाडला. पुढचं तूच यवतमाळच्या दवाखान्यात मला सांगितलंस, एकेका शब्दाला थांबत. तो डोंग्यातून पाण्याच्या बाजूने आला, मगरीची वाट अडवली आणि बंदुकीचा बार काढला. जखमी मगर उलटी जमिनीकडे धावली. समोर तू होतास.

पळाला का नाहीस रे? तेव्हाही डोळा कॅमेऱ्यालाच लावून बसलास?

तुझा शेवटचा रोल मीच धुतला. आधी मगर दिसली, मग डोंगा, मग बंदूक रोखलेला तो. पोलिसांना दाखवला तर म्हणाले, "बंदूक मगरीवर हाय बाई, माणसावर नाही." आणि तो बाजारभर सांगत फिरला, "फोटोच्या नादात जबड्यात गेला येडा."

मग मी तो फोटो मोठा केला, दर्शनी काचेत लावला आणि खाली लिहिलं: 'माझ्या भावाने काढलेला शेवटचा फोटो. बंदूकवाला ओळखा.' दर बाजाराला गर्दी जमायची. त्याच्या माणसांनी दोनदा काच फोडली. दोनदा मी नवी प्रत लावली. खोटं कशाला बोलू, मला मजा आली!

आज हात जोडून म्हणाला, "पोरीची सोयरीक मोडली. पाहुण्यायनं फोटो पाह्यला. तेवढी निगेटिव्ह दे, मी पाया पडतो."

मी म्हटलं, "मगरीले पाण्याकडं जायचं होतं. तुम्ही जाऊ देलं?"

तो पायरीवर बसून रडला. त्या पोरीचं मला वाईट वाटलं. त्याचं नाही, रतीभरही नाही.

तू असतास तर निगेटिव्ह काढून दिली असतीस. माहीत आहे मला. म्हणूनच तर तुझा राग येतो!

दादा, तुझ्या डोहाची जागा मी कोणाला दाखवणार नाही, हे वचन. पण त्याला माफ कर म्हणून माझ्या स्वप्नात येऊ नकोस. तो जिता आहे तोवर त्या काचेतच राहील. उन्हाने फोटो पिवळा पडला, की मी नवा काढीन.

तुझीच,
शांता