घरची प्रत

प्रिय धाकट्या,

हे पत्र तू स्वतः वाचशील की तुझी बायको वाचून दाखवेल, ठाऊक नाही. कसंही असो, मधेच सोडू नकोस. चार वर्षांत वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, ताई मोठ्या ऑफिसात गेली, तिला वेळ कुठला! वेळ होता रे. तोंड नव्हतं.

आई बरी आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने अजून सुईत दोरा ओवते आणि दुसऱ्या डोळ्याच्या नावाने बोटं मोडते. मागच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन एकटंच आहे. त्याच्या शेजारी आपला कॉम्प्युटर होता, तिथे आता इस्त्रीचे कपडे पडतात. त्या खोलीत तू मला पहिल्यांदा समजावलं होतंस, की वेबसाइटचं साधं पान नुसतं उघडलं की दिसतं, पण आपली पानं तशी नाहीत, ती आधी सर्व्हरवर तयार होतात आणि मग माणसाला दिसतात. म्हणून तू घरच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवलास. "तालीम घरी, प्रयोग बाहेर," म्हणायचास. रंगसंगती आणि मांडणी माझी, बाकीचं डोकं तुझं. मी चिडवायचे, की एवढ्या तपासण्या तर मुलगी बघायला आलेले लोकही करत नाहीत. तू हसायचास आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसायचास.

डायलिसिस केंद्राचं काम आलं तेव्हा तू दोन दिवस तिथल्या बाकावर जाऊन बसला होतास, पेशंट कसे येतात, काय विचारतात ते बघत. मग ते पान केलंस. पेशंटने आपला नंबर टाकायचा, पुढची पाळी कोणत्या वारी, किती वाजता, ते समोर. म्हाताऱ्या माणसांना फोन लावत बसायला नको. त्या आठवड्यात काही मशिनं दुरुस्तीला निघाली आणि सगळ्यांच्या पाळ्या बदलल्या. तू नवं वेळापत्रक घातलंस आणि घरी तपासताना पानात एक ओळ लिहिलीस, 'आज मंगळवार आहे असं समज.' मग बुधवार, मग गुरुवार, असा एकेक वार बदलून, वहीत लिहिलेल्या उत्तरांशी ताडून पाहिलंस. सगळं जुळल्यावर ओळ काढलेली प्रत वर, म्हणजे केंद्राच्या चालू वेबसाइटवर, टाकलीस. घरच्या प्रतीत ती ओळ तशीच ठेवलीस, पुन्हा मंगळवारवर आणून, कारण मशिनं दुरुस्त होऊन आली की पाळ्या पुन्हा तपासायच्या होत्या. जाताना मला म्हणालास, "ताई, घरची प्रत वर जाऊ देऊ नकोस हं." आणि आईला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेलास.

त्या दुपारी केंद्राच्या मॅडमचा फोन आला. अक्षरं बारीक दिसतात, पेशंट कुरकुरताहेत, जरा मोठी करा. मी म्हटलं, लगेच करते. घरची प्रत उघडली, अक्षरं मोठी केली आणि सगळं पान उचलून वर टाकलं. तुझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. अक्षरंच तर मोठी करायचीत, त्यात काय तपासायचं? तरी वर गेल्यावर एकदा उघडून पाहिलं. पाळ्या बरोबर दिसत होत्या. दिसणारच, त्या दिवशी मंगळवारच होता.

दुसऱ्या दिवसापासून ते पान मंगळवारातच अडकून बसलं. पुढचं सगळं तुला माहीत आहे. बुधवार आणि शनिवारची पाळी असलेल्या लोकांना ते रोज 'बुधवार, सकाळी नऊ' एवढंच सांगत राहिलं. बाकीच्यांनी फोन करून विचारलं. त्या निवृत्त ग्रंथपाल बाई एकट्या राहायच्या. त्यांनी पान उघडलं, बुधवार वाचला आणि शनिवारी घरी थांबल्या. गर्दीत केंद्रातूनही कोणी चौकशी केली नाही. सोमवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं.

मॅडम आपल्या घरी, मागच्या खोलीत येऊन उभ्या होत्या. तू वरचं पान उघडलंस, तिथे ती ओळ दिसली. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "मी काढली होती ना गं ही ओळ? ताई, काढली होती ना?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

मला आठवत होतं. त्या एका क्षणात मला सगळं लख्ख दिसलं, आणि माझ्या तोंडून ते तीन शब्द बाहेर पडले. तू दुसरं काही पाहिलंच नाहीस. स्वतःवर संशय घ्यायला तुला कधी वेळ लागला नाही, लहानपणापासून. तू माफीनामा लिहायला बसलास आणि मी शेजारी बसून तुझं शुद्धलेखन तपासलं. संध्याकाळी मी एकटीने सर्व्हरची नोंद उघडली. पान वर गेल्याची वेळ, मंगळवार, दुपारचे दोन चाळीस. तेव्हा तू आईचा हात धरून दवाखान्यात बसला होतास. ती नोंद मी छापून घेतली आणि तो कागद कपाटात ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. फाडवला नाही, एवढंच. या पत्रासोबत तो आहे. तू कॉम्प्युटर देऊन टाकलास, दुसऱ्या गावी जाऊन गोदामात खोकी मोजू लागलास. मी मनाला सांगत राहिले, की तो सावरेल, त्याचं लग्न होईल, मग सांगू. लग्न झालं. तुझ्या लग्नात मी सगळ्यांत जास्त हसत होते, फोटो बघ.

तुझ्या बायकोचा गुरुवारी फोन आला. तू काय करून घेतलंस ते तिला नीट सांगताही येत नव्हतं. धोका टळला, एवढं मात्र कळलं. मग ती म्हणाली, डॉक्टरांनी कारण विचारलं तर हे एवढं एकच वाक्य बोलतात, 'माझ्या हातून एक बाई गेली.' तिला या गोष्टीतलं काहीच माहीत नव्हतं. मला विचारत होती, कोण बाई? मी फोनवर बोलू शकले नाही, म्हणून हे पत्र. धाकट्या, तुझ्या हातून कोणी गेलं नाही. माझ्या हातून गेलं, आणि नंतर चार वर्षं मी तुला रोज थोडं थोडं घालवत होते. आईला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. मॅडमना लेखी कळवलं. त्या बाईंच्या बहिणीकडेही जाऊन आले. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ मला दर वर्षी पत्र लिहितो. तुम्ही आज आलात." आणि दार लावून घेतलं. मी रविवारी तिकडे येते आहे. भेटायचं नसेल तर बायकोकडून तसा निरोप दे, मी दवाखान्याच्या बाहेरूनच परत फिरेन. माझं तोंड पाहू नकोस, मला माफ करू नकोस, जन्मभर शिव्या घाल. पण त्यासाठी तू जगायला हवास.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
ताई