अजून आंबट

प्रिय छोट्या,

तुझ्या लेकीला दात आले हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक, असं लिहायला बसले होते, पण ठीक काहीच नाही. मला भीती वाटते आहे.

ह्या वर्षी हवेने पार ताळ सोडला. थंडी हटता हटेना, वेली उशिरा फुटल्या. द्राक्षं रंगावर आली आणि एकाएकी असं ऊन पेटलं की पानांच्या कडा करपल्या. आता मणी टच्च भरलेत. एक जोराची सर आली की तडकतील, मग बुरशीला आमंत्रणच. टेकडीमागचे ढग रोज थोडे पुढे सरकतात. तोडणीच्या बायका कात्र्या घेऊन तयार आहेत, पण आपली रीत तुला ठाऊक आहे. बाबांनी मणी चाखून, बी दाताखाली फोडून 'तोडा' म्हटल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही. बाबा रोज चाखतात आणि म्हणतात, अजून आंबट, ह्या वर्षी हवाच अशी. सगळ्यांना पटतं, कारण हवा खरंच तशी होती.

मलाही पटलं होतं. मग सहज एक मणी तोंडात टाकला, तर गोडीने घसा खवखवला. तू पाठवलेलं साखर मोजायचं यंत्र, बाबांच्या भाषेत 'छोट्याचं खेळणं', गुपचूप काढलं. साखर केव्हाच तोडणीच्या खुणेपुढे गेलेली. परवा माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मी पहिलाच घोट थुंकला. बाबांनी कप रिकामा केला आणि छान झालाय म्हणाले. माझ्या चहाला बाबा छान म्हणाले, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

आज सकाळी शेवटच्या ओळीत ते थांबले. आसपास कुणी नाही असं पाहून माझ्या तळहातावर एक मणी ठेवला आणि हळूच विचारलं, "गोड आहे का गं?" जन्मात त्यांनी हे कुणाला विचारलेलं नाही. मी हो म्हटलं. आणि ते बायकांसमोर जाऊन म्हणाले, अजून आंबट.

माझ्या जिभेवर त्यांचा भरवसा नाही रे. तुझ्या जिभेवर आहे, लहानपणी पहिला मणी ते तुलाच द्यायचे. मी फोनवर बोलले तर बाबांच्या कानावर जाईल, म्हणून हे पत्र ट्रकवाल्याच्या हाती धाडते आहे. मिळेल ती गाडी पकडून ये. सहज आलो म्हण. त्यांच्याबरोबर ओळींतून फिर, चाख, आणि कुणाला कळणार नाही असं त्यांच्या कानात सांग. 'तोडा' मात्र त्यांनाच म्हणू दे.

तुझीच,
वाट बघणारी ताई