यांचा रिमोट माझ्याकडे

३ नोव्हें., सोमवार
दवाखाना. ऑपरेशननंतरची तिसरी तपासणी. यांचा हात टेबलावर ठेवला की तिथंच राहतो आता. इतक्या वर्षांचा कंपवात! मेंदूत तारा, छातीत मशीन. ते मशीन जुळवणारी मॅडम तरुण, हसरी, कानात मोती. आज परीक्षा घेतली, एका मिनिटात भाज्यांची नावं. हे ‘वांगं... वांगं...’ करत अडले. माझ्या तोंडून ‘दोडका, गवार’ निघूनच गेलं. आजारपणात यांची वाक्यं मीच पुरी करत आले. मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं. मला! दारातून बघते तर हे तिच्याकडं बघून हसतायत. घरी येईपर्यंत माझ्याशी चकार शब्द नाही.

५ नोव्हें., बुधवार
शर्टाची बटणं यांनी स्वतः लावली. मी पुढं झाले तर ‘नको’. दाढीला ‘नको’. समोरची आक्का म्हणाली, “सुटलीस बघ गं बाई.” कशातून सुटले? आता दिवसभर काय करू ते कुणी सांगत नाही.

८ नोव्हें., शनिवार
नवा ताणा, मागावर उभे धागे चढवायचे. फणीत धागे भरायला दोघं लागतात, एकानं मागून धागा द्यायचा, दुसऱ्यानं आकड्यानं ओढायचा. हात कापायचा तेव्हा आकडा माझ्याकडं. हे कसाबसा धागा पुढं करायचे, काठाचे रंग सांगायचे, आणि मधेमधे अख्ख्या वडगावची टिंगल. हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.
आज आकडा यांच्या हातात. हात ढिम्म हलत नाही. तोंडही. मी अंदाजानं धागे देत गेले, काठ चुकला.
“चुकलं की हो.”
“हं.”
पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं.
रागानं मॅडमना फोन केला. म्हणाली, “ते रागावलेले नाहीत, शब्द लवकर सापडत नाहीत. काहींना होतं असं.” माझा नवरा मला समजावून सांगते! मशीनला दोन नंबर आहेत. पहिल्यावर हात स्थिर. दुसऱ्यावर बोलणं कदाचित सुधारेल, हात थोडा कापेल. दोन्ही बघा, शुक्रवारी सांगा. रिमोट चालवायला मला शिकवलंय. निदान तेवढं तरी माझ्याकडं.

१० नोव्हें., सोमवार
सकाळी दुसरा नंबर लावला. जेवताना म्हणाले, “आमटीत मीठ लई झालंय गं. कुणाच्या ध्यानात हुतीस?” मोरीत जाऊन रडले. आनंदानं. हात कापतोय. संध्याकाळी बटणं मी लावली, सावकाश.

११ नोव्हें., मंगळवार
“पयलं लाव. धोटा हातात बसंना, इणायचं कसं?”
मी सांगितलं, मॅडमनी आठवडाभर दुसरंच ठेवायला सांगितलंय. खोटं. सरळ तोंडावर खोटं.
हे दुपारभर मागापाशी बसून होते. मी धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत होते, पण तिकडं बघितलं नाही.

१२ नोव्हें., बुधवार
मॅडमना फोन लावला यांनी. स्वतः. मी मिळवून दिलेल्या शब्दांनी तिच्याशी गप्पा! “चहा झाला काय मॅडम?” काय ते हसणं. माझ्या अंगाचा तिळपापड.
मग हसणं थांबलं. फोन ठेवला.
“त्या तर म्हणत्यात, तुमाला पायजे तो नंबर लावा.”
मी भाकरी थापत राहिले.
“माझा हात कापल्यालाच तुला बरा वाटतोय. व्हय गं?”
आवाज चढवला नाही. किती दिवसांनी यांचं एवढं लांब वाक्य, कुठं न अडता. आणि ते हे.
हात धुतले. न विचारता पहिला नंबर लावला. थोड्या वेळानं हात थांबला. माग सुरू झाला.

१३ नोव्हें., गुरुवार
यांनी दिवसभर विणलं. कापड सरळ, सुरेख. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं. मला एकदाही हाक नाही.
जेवताना म्हणाले, “उद्या... मॅडमना मी... मी...” अडले. माझ्या ओठांवर आलं होतं, ‘मी सांगतो’. गिळलं. शेवटी हे ताटावरून उठून गेले.
उद्या सकाळची बस. दुसऱ्या नंबरावर नेलं तर सगळं सांगतील, माझं खोटंसुद्धा, तिच्यापुढं. पहिल्यावर नेलं तर विचारल्यावर अडतील, मग मॅडम माझ्याकडंच बघेल आणि मी जे बोलेन तेच यांचं म्हणणं ठरेल.
रिमोट माझ्या पर्समध्ये आहे. निघताना नंबर मलाच लावायचाय.