नावेखालचे रूळ

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. आज सकाळी दादा पायरी उतरताना भिंतीला धरून थांबला, गुडघा वळेना म्हणून ओठ चावून तसाच उभा राहिला, आणि मी मळायला घेतलेलं पीठ परातीत तसंच टाकून हा कागद पुढं ओढला.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचं साल असेल. कोल्हापूरच्या खालच्या अंगाला पंचगंगेकाठी आपलं गाव आणि रस्त्याकडेला तुमचं वर्कशॉप. उसाच्या ट्रॉल्या बांधून घ्यायला लांबलांबून लोक यायचे. गावाला पुरासाठी पत्र्याची एक नाव मिळाली होती. पाणी आधी शिरायचं खालच्या वस्तीत आणि नाव असायची घाटावर, म्हणून ती रस्त्यानं न्यायला तुम्ही ट्रॅक्टरमागं जोडायची बुटकी दोनचाकी ट्रॉली करून दिलीत. ट्रॉली भक्कमच होती, त्यात खोट काढत नाही. पण तिच्यावर नाव चढवायची म्हणजे बारा गडी लागायचे. ओला पत्रा लोखंडी कडेवर करकरत अडकायचा. नाव हातभर वर जायची आणि वीतभर परत खाली यायची, आणि तुम्ही वर उभं राहून सगळ्यांच्या आयांचा उद्धार करायचा.

मी तेव्हा अकरावी पास होऊन घरी बसले होते. मला ड्रॉइंगचा डिप्लोमा करायचा होता. 'पोरीच्या जातीला कशाला पायजे पट्टी-पेन्सिल?' म्हणून तुम्ही फॉर्म भरू दिला नव्हता. मग तुमचा जेवणाचा डबा घेऊन वर्कशॉपात यायचं आणि डबा रिकामा होईस्तोवर तिथलं सगळं बघत बसायचं, एवढंच माझं कॉलेज. सुताराकडं ओंडका हलवताना खाली गोल लाकडं घालतात, ते मी पाहिलं होतं. ते डोक्यात बसलं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मी ट्रॉली काढली. तिच्यावर आडवे पाच रूळ, मधे बारीक आणि कडेला जाड, म्हणजे नावेचा कणा आपोआप मधोमध बसावा. पुढच्या टोकाला हातानं फिरवायचा दोरीचा रहाट, आणि नावेच्या वजनानं तो उलटा फिरू नये म्हणून त्याला दात आणि खिट्टी. ट्रॉलीची मापं मी टेपनं तीनतीनदा घेतली होती. दोन माणसांत नाव चढली असती.

तुम्ही चुलीपुढं जेवायला बसला होता तेव्हा तो कागद मी तुमच्यासमोर धरला.

"ह्ये काय?"

"नाव चढवायला सोपं पडंल, आबा. खालचं रूळ फिरतील, वरनं दोरी ओढंल. बारा गडी लागायचे न्हाईत."

तुम्ही बराच वेळ कागद बघत होता. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता. मला वाटलं, आता म्हणाल, शाब्बास.

"गावाला सांगू व्हय, लेकीनं शिकवलं म्हणून?" तुम्ही म्हणालात, आणि कागद चुलीत घातलात.

आई म्हणाली, "आवं, तीन दिस घालवलं की पोरीनं त्यात."

"मग भाकऱ्या थापायला लाव तिला. हात रिकामा ऱ्हातोय म्हणून ह्ये सुचतंय."

त्याच पावसाळ्यात पूर ओसरल्यावर नाव डागडुजीसाठी घाटावरनं वर्कशॉपात आणायची होती. घाटावर सगळा गाळ. ट्रॉली मागं घेतलेली, बारा गडी दोन्ही अंगांना, आणि चोवीस वर्षांचा दादा सगळ्यांच्या मागं, नावेच्या बुडाला खांदा लावून. दिवाळी झाल्यावर त्याचं लग्न ठरलं होतं. मी बायकांबरोबर वरच्या पायरीवर उभी आहे. नाव अर्धी वर जाते, कुणाचा तरी पाय गाळात सरकतो, दोरी सैल पडते आणि सगळं धूड मागं येतं. दादाचा गुडघा नाव आणि दगडी पायरीच्या मधे सापडला. त्याचं ओरडणं मी इथं लिहिणार नाही. दोन महिने तो कोल्हापूरला दवाखान्यात होता. मुलीकडचे एकदा बघून गेले, चहासुद्धा न घेता. ते लग्न मोडलं. नंतर त्यानं कुणाला विषय काढू दिला नाही.

तो दवाखान्यात असतानाच तुम्ही रूळ बसवलेत. पाच रूळ. मधे बारीक, कडेला जाड. रहाटाला दात आणि खिट्टी. कागद जळून गेला होता आणि तरी एक माप इकडचं तिकडं झालं नव्हतं. तुम्हाला कळलं नव्हतं असं मी समजत होते, तोवर निदान माफ करायला जागा होती. पण तुम्हाला त्या दिवशीच, भाकरी हातात धरून, सगळं कळलं होतं, पटलंही होतं. तरी जाळलात.

मी वर्कशॉपात येऊन विचारलं होतं, आठवतं? "आबा, कागद तर जळाला. मग मापं कुठनं आली?" तुम्ही वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढलीत आणि म्हणालात, "ठिणगी उडंल. लांब हो." मरेपर्यंत तेवढंच उत्तर.

गावानं तुम्हाला फेटा बांधला. सरपंचांनी विचारलं, "मिस्त्री, ह्ये सुचलं कसं वो?" तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "पोराचा पाय गेला, तवा डोकं चाललं." तेव्हा मी चहाच्या कपांचं ताट घेऊन तुमच्यामागंच उभी होते. ते ताट तुमच्या फेट्यावर आपटायला हवं होतं. मी कप वाटले. आणि दादा आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आबानं माझ्यापायी केलं त्ये." रूळ आधीच बसू शकले असते, हे त्याला मी सांगितलं नाही. त्याच्याकडं तेवढंच उरलंय म्हणून.

आता तो बाहेरनं विचारतोय, "काय लिवालीस एवढं?" मी म्हटलं, सामानाची यादी. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, तुमच्या फोटोपुढंही ठेवायचा नाही. कारण एक गोष्ट मी आईलासुद्धा कधी बोलले नाही. त्या दिवशी नाव अर्धी वर गेली तेव्हा तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघून हसला होता, चढली का न्हाय, बघ, असं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, घसरू दे एकदा. दादा मागं उभा होता, आणि तो मला दिसत होता.