मावशींची बंद बाटली

८ नोव्हेंबर, शनिवार

घर लागलं. खोकी अजून फुटायची आहेत, पण वजनकाट्यांचं बाक खिडकीपाशी बसवलं आणि जीव थाऱ्यावर आला. काटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. कुठल्या संस्थेत शिकलो नाही. उघडत गेलो, कळत गेलं. आता संस्थेत शिकलेले लोक अडलेले काटे माझ्याकडे पाठवतात. असो.

खालचा मजला आमचा, वर घरमालकीणबाई एकट्या. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की बाई-बिई म्हणू नका, सगळे मावशी म्हणतात. त्यांचे यजमान काचेच्या भट्टीवर फुंकणी मारायचे, म्हणून त्यांना सगळे काचवाले म्हणत. मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात त्यांनी फुंकलेल्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत. बैठकीच्या कोपऱ्यात मी छोटा बार करणार असं ऐकल्यावर मावशी खूश झाल्या. खालच्या फळ्यांवरच्या हव्या तेवढ्या घ्या म्हणाल्या, वापरात राहिल्या तर त्यांना बरंच वाटेल. वरच्या फळीवरची तेवढी राहू द्या, ती रिकामी नाही.

पिणारा मी बेताचाच. मला मांडायची हौस. आमच्या हिचं म्हणणं असं की नवऱ्याला व्यसन असतं तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं.

११ नोव्हेंबर

आज बाटल्या निवडल्या. लोक रंगावर भुलतात. आधी ओठ बघावा: तोंडाच्या कडेवरून नख फिरवलं की टवका लगेच कळतो. मग उजेडासमोर धरून तडा शोधावा. मग बुडावर टिचकी. नाद लांबला तर घ्यावी, मध्येच मेला तर भंगारात. तोंड ब्रश जाण्याइतकं रुंद हवं.

धुण्याचंही शास्त्र आहे. विकतच्या बाटल्यांची लेबलं कोमट पाण्यात सोडा घालून भिजवावीत, उरलेला डिंक गोडेतेलाने पुसावा. आत मूठभर कच्चे तांदूळ आणि व्हिनेगर घालून खुळखुळवावं; तांदूळ कोपऱ्यातला मळ खरवडतात, काचेला ओरखडा नाही. गार बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतणारा मूर्ख. वाळवताना उलटी ठेवावी, पण तोंड टेकवून नव्हे, खालून हवा खेळली पाहिजे. शेवटची परीक्षा नाकाची.

मेहुणा दोन बाटल्या भेट घेऊन आला होता. मोरीतली रांग बघून विचारतो, भाऊजी, बार काढताय की इस्पितळ. त्याच्या दोन्ही बाटल्यांना टवके होते. ठेवून घेतल्या, मांडल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर

वरच्या फळीवरची ती बाटली.

काल उजेड तिच्यावर पडला आणि डोळ्यांत खुपली. घाट असा की हात आपोआप तिच्या कमरेला जावा. जाड बूड, काचेचंच बूच, घासून बसवलेलं. आणि आतून धुरकट. इतकी सुंदर वस्तू आणि आत मळाचं कडं. रात्रभर... नाही, उगाच वाढवून लिहीत नाही. सकाळपासून डोक्यात होतं एवढंच. मला ती घ्यायची नव्हती. स्वच्छ करून गुपचूप जागेवर ठेवायची, मावशींना सुखद धक्का.

धुण्याआधी काट्यावर ठेवली. सवय. मग बूच फिरवलं. कोणीतरी दमून खाली बसावं तसा हुश्श आवाज झाला. आत काही नव्हतं. तांदूळ, व्हिनेगर, तीन पाणी. पहिलं पाणी ओतताना मोरीच्या जाळीतून लांबलचक शिट्टी आली. जाळी काढून साफ करायला हवी.

वाळल्यावर पुन्हा काट्यावर ठेवली. वजन किंचित घटलं होतं. मळाचं वजन, दुसरं काय. आता असली की नसली कळत नाही इतकी निर्मळ दिसते.

१६ नोव्हेंबर, रविवार

मावशी दर रविवारी खाली येऊन कपाटापाशी बसतात, हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या रविवारी आमच्या खोक्यांच्या पसाऱ्यामुळे राहिलं असावं. आज आल्या. मीच स्टूल लावून बाटली काढून दिली, कौतुक ऐकायला शेजारी उभा राहिलो.

त्यांनी ती मांडीवर घेतली, बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे न बघता सांगू लागल्या. काचवाल्यांची छाती शेवटी पार गेली होती. ज्या माणसाने जन्मभर फुंकून घागरीएवढे फुगे काढले, त्याला काडी विझवता येईना. त्या दिवशी त्यांनी खुणेने ही बाटली मागितली, तोंडाला लावली, होतं नव्हतं ते आत सोडलं आणि बूच लावायची खूण केली. पुढचा श्वास आला नाही. तेव्हापासून गारठ्याच्या सकाळी बाटली आतून धुरकटते, मध्येच निवळते, पुन्हा धुरकटते. आज काहीच नाही. हवा कोरडी असेल, त्या म्हणाल्या.

मीही म्हणालो, हवा कोरडीच आहे.

त्या वर गेल्यावर ही माझ्याकडे बघत उभी. म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा, पायावर डोकं ठेवा आणि सांगा. शिळं झालं की सांगवणार नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला धक्का. खोटं असं मी काही बोललो नाही. बोललोच नाही, इतकंच.

१७ नोव्हेंबर

दिवसभर हातात काम धरेना. एका दुकानदाराचा काटा दोनदा चुकीचा लावला. मोरीकडे गेलं की जाळीकडे लक्ष जातं. तिथून गेला तो माणूस. माझ्या व्हिनेगरबरोबर.

संध्याकाळी उपाय सुचला. धुरकटपणा म्हणजे काय, वाफ. ती कुणाच्याही तोंडची असू शकते. बाटली तोंडाला लावली, छाती रिकामी होईस्तोवर आत श्वास सोडला. बूच नुसतं लावलं नाही. काच घासायची बारीक पूड घालून दोन्ही काचा एकमेकांत अशा घासून बसवल्या की केसाएवढी फट राहू नये. काम अव्वल झालं. मावशींचं समाधान होणार असेल तर यात कुणाचं काय गेलं?

हिला सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मावशींनी बाटली हातात घेतली आणि चेहरा फुलला. आत छान धुकं होतं. आले बाई, म्हणाल्या, कुठे गेला होतात? आणि बाटलीशी बोलत बसल्या. नळाचं, भाजीवालीचं, गुडघ्यांचं. मध्येच म्हणाल्या, जरा मोठ्याने घ्या श्वास, दिसू दे मला.

मी पलीकडे बाकावर होतो. माझी छाती एकदम आत ओढली गेली, भाता दाबावा तशी. पुन्हा भरेना. बाकाची कड धरून उभा राहिलो. तिकडे मावशी म्हणत होत्या, अस्सं.

जाताना बाटली वर घेऊन गेल्या. इथे अंतर पडतं म्हणाल्या.

२६ नोव्हेंबर

बार मांडून झाला. लिंबाचा अर्क, आल्याचा अर्क, साखरेचा पाक, चार तऱ्हेची दारू, सगळ्या काचवाल्यांच्या बाटल्यांत. मेहुणा उद्घाटनाला आला. चांगलं म्हणाला, त्याच्या मानाने पुष्कळच. मग रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून भोंगा वाजवून दाखवला आणि बाटली माझ्याकडे दिली.

मी फुंकलं. आवाज नाही. परत फुंकलं. बाटलीवर साधी वाफही उमटली नाही. तो हसला, भाऊजी, धुऊन धुऊन स्वतःही निथळलात वाटतं.

ही हसली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जेवण झाल्यावर आडवा झालो होतो. हिने येऊन माझ्या तोंडापाशी कान नेला. चेहरा पांढरा. म्हणाली, तुम्ही घोरताय.

मी म्हटलं, मी जागा आहे.

तेच म्हणतेय, ती म्हणाली. घोरणं वरून येतंय.

दोघांनी ऐकलं. माझंच. शेवटी जी बारीक शिट्टी येते, जिच्यावरून ही इतकी वर्षं मला टोमणे मारते, तीसुद्धा. आणि त्यावर मावशींचा हळू आवाज, थापटल्यासारखा.

मग हिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. पदर तोंडाला लावून बसली.

३ डिसेंबर

डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. नळीतला काटा हलला नाही. यंत्र बिघडलंय म्हणाले. मी म्हटलं, उघडून बघू का? फोटोत फुप्फुसं काचेसारखी स्वच्छ आहेत म्हणे. यापेक्षा स्वच्छ त्यांनी पाहिली नाहीत.

मावशी बाजारात गेल्या तेव्हा वर गेलो. बाटली त्यांच्या उशाशी. छोटा काटा सोबत नेला होता, तिच्याखाली धरला. पहिल्यापेक्षा जड झाली आहे. बरीच. आत धुकं नाही आता, दूध असावं तसं दाट.

बूच फिरवून बघितलं. हलत नाही. माझं काम.

५ डिसेंबर

फोडावी? काचवाल्यांचा श्वास मी मोकळा केला तो मोरीत गेला, कुणाच्या छातीत नाही. माझाही तसाच गेला तर —

ही म्हणते, आधी त्यांना सांगा. बाकीचं नंतर. पहिल्या दिवसापासून तेच म्हणते आहे.

चार वाक्यं बोललो की मध्ये थांबावं लागतं. लिहिताना लागत नाही. म्हणून लिहितो.

७ डिसेंबर, रविवार

गेलो. जिन्यात दोनदा बसलो. सांगितलं. तांदूळ, व्हिनेगर, मोरी, सगळं क्रमाने. काही गाळलं नाही.

मावशी म्हणाल्या, माहीत आहे.

ती शिट्टी त्यांनी वर ऐकली होती. नवऱ्याचा श्वास ओळखू येत नाही होय, म्हणाल्या. दोन दिवस वाट बघितली, तुम्ही वर याल म्हणून. आला असतात तर रडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, मग चहा केला असता. रविवारी खाली आले, मुद्दाम सगळं सांगितलं, म्हटलं आता तरी बोलतील. तुम्ही म्हणालात, हवा कोरडी.

मी हात जोडले. परत द्या म्हणालो.

त्या बाटलीवरून हात फिरवत म्हणाल्या, ते गेले ते गेले. आता याची सवय झाली आहे. घरात एक श्वास लागतो हो.

८ डिसेंबर

त्या बोलतात — सारखं बोलतात त्याच्याशी — प्रत्येक शब्दाला माझं इकडे —

माफी मागितली ती खरी होती. पण मागितली कधी? दम संपल्यावर. हे त्यांना कळतं. मलाही.

९ डिसेंबर

ही वर गेली. पदर पसरला म्हणे. मावशींनी बाटली हातात दिली, एका शब्दाने अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या — उघडता आली तर घ्या.

बाकावर ठेवली आहे. हिने बाटलीच्या मानेला गरम फडकं गुंडाळलं. मान फुगते, बूच सुटतं — मीच शिकवलेलं — हळू, एकदम गरम नको — ती विचारते आणि मी लिहून दाखवतो. तोंडाने होत नाही.

तोंड लावून बसायचं. सुटलं की ओढून घ्यायचं. मध्ये फट नको.

फिरत नाही. इतकं चांगलं काम मी का —

मावशी जिन्यात येऊन उभ्या. बघतात. रागावलेल्या दिसत नाहीत. तेच बघवत नाही.

दुसरं फडकं. ही म्हणते हललं. केसभर. हो —

टिचकीसारखा आवाज. बूच नाही. अंगाला तडा, मानेपासून खाली — व्हिनेगरचा वास — ही दोन्ही हातांनी तडा दाबून धरते, म्हणते लिहिणं टाका, आता, आता घ्या — ओठ लावले — घेतो — मी घ