आठ दिवसांत ट्रॅक्टर

३ ऑगस्ट
ट्रॅक्टर आला! बागेत चालवायचा, छोटा, चव्वेचाळीस वर्षांचा. टेम्पोवाल्याला गॅरेजच्या तोंडाशीच उतरवायला लावला, तिथे उजेड बरा आहे. आमची कार त्याच्या मागे, आत. चाकं जाम असल्यामुळे ढकलून हलत नाही. किरकोळ आहे. बायकोने विचारलं, उद्यापासून मला लायब्ररीत कामावर कोण सोडणार? आठ दिवस बसने जा म्हटलं. आठ दिवसांत ट्रॅक्टर बाहेर.

११ ऑगस्ट
आठ दिवस झाले. कार्ब्युरेटर बाहेर आला आहे. सुरुवात झाली म्हणायची.

१९ ऑगस्ट
चौकातला मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, काका, मागच्या चाकांमधला डिफरन्शियल गंजलाय, खोलावा लागेल. प्रत्येक पार्टवर डावं-उजवं लिहा, नाहीतर फोटो काढा. बत्तीस वर्षं ऑफिसच्या फायली सांभाळलेल्या माणसाला हा शिकवणार! तरी त्याचा मान राखायला खडूने लिहिलं.

१ सप्टेंबर
सगळे पार्ट रॉकेलने घासून धुतले. असे लखलखताहेत की खडूचा मागमूस नाही. बायको म्हणाली, बसमध्ये उभं राहून गुडघे दुखतात. तिला गिअर दाखवला. तो परत माझ्या हातात ठेवून आत गेली. भारावली असावी.

१४ सप्टेंबर
निश्चय: रोज पहाटे सहा ते नऊ काम. सबबी बंद.

१५ सप्टेंबर
पाठ धरली.

२२ सप्टेंबर
पाठ सुटली. आता ऑइल सील मिळत नाही. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल त्याच्या वडिलांनी पाहिलं असेल. अभिमान वाटला.

६ ऑक्टोबर
बायको ३१ तारखेला रिटायर होतेय. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने कधी काही मागितलं नाही. आज म्हणाली, शेवटच्या दिवशी तरी मला न्यायला गाडी घेऊन या, हातात गुच्छ धरून बसमध्ये लोंबकळायला नको. शब्द दिला. पंचवीस दिवस म्हणजे खूप झाले.

१३ ऑक्टोबर
मेकॅनिक म्हणाला, चार माणसं आणतो, उचलून बाजूला ठेवू, तुमची कार काढून घ्या. साफ नकार दिला. चौघांनी उचलून न्यायला तो काय मेलाय? स्वतःच्या चाकांवर बाहेर जाईल.
संध्याकाळी पोट आत ओढून ट्रॅक्टर आणि भिंतीच्या मधून कारपाशी गेलो. परत येताना अडकलो. बायकोने हात धरून ओढून काढलं. कधीकधी वाटतं, मी त्याला नाही, त्यानेच मला विकत घेतलंय.

२४ ऑक्टोबर
डिफरन्शियल बसवला! डावीकडून बसत होता, उजवीकडूनही बसत होता. जुन्या लोकांचं काम किती अचूक! मेकॅनिक एकदा बघून जातो म्हणत होता. गरज नाही म्हटलं.

३० ऑक्टोबर
इंजिन सुरू झालं! धूर स्वयंपाकघरापर्यंत गेला. बायको खोकत खोकत हसली. उद्या नक्की ना, विचारलं. नक्की म्हणजे काय!

३१ ऑक्टोबर, दुपारी ४.१०
नवा शर्ट घातला. समारंभ पाचला संपतो. भरपूर वेळ आहे.

४.२५
पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर मागे गेला. कारचा एक हेडलाइट फुटला. माझाच पाय घसरला असेल.

४.३५
दुसरा गिअर. आणखी जोरात मागे. दुसरा हेडलाइट. तिसरा टाकून पाहिला नाही. मी विचारी माणूस आहे.

५.०५
तिचा फोन. निघालोच म्हटलं. मेकॅनिकचा फोन बंद आहे. रिक्षा करून जावं असं मनात आलं, पण शब्द गाडीचा दिला होता.

५.५०
तिचा पुन्हा फोन. उचलला नाही.

७.१५
ती आली. बसने. मी ट्रॅक्टरच्या सीटवरच होतो. तिने काय झालं विचारलं. सांगितलं, पुढचा गिअर टाकला की मागे जातो, डिझाइनमध्येच दोष आहे. ती म्हणाली, मग रिव्हर्स टाका.
टाकला. ट्रॅक्टर निमूटपणे पुढे गेला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. डिफरन्शियल उलटा बसवलाय. साडेचारला हे सुचलं असतं तर!
पाऊण तास लायब्ररीच्या पायरीवर बसले होते, ती म्हणाली. मैत्रिणी सोडायला तयार होत्या, त्यांना सांगितलं, आमचे हे गाडी घेऊन येताहेत.
लाज वाटली. फार वाटली.
म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता लायब्ररीपर्यंत चक्कर मारून येऊ. ती गुच्छ मांडीवर घेऊन कारमध्ये बसली. मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. तीन महिने उभी राहून बॅटरी उतरली होती.
आम्ही दोघं गॅरेजमध्येच बसून राहिलो. समोर दार सताड उघडं होतं. तिने हळूच विचारलं, ही किती दिवसांत सुरू होईल?
आठ, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.